पाचव्या आठवड्याचं जेवण, आठ वर्षं: स्लीव्हनंतर बायपास झालेल्या सांगलीतल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय 46, उंची 158 सेंमी, राहणार विश्रामबाग, सांगली. व्यवसाय घरगुती डब्यांचा, रोज तीस-पस्तीस डबे. 2015 मध्ये 118 किलो वजन असताना स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया. 2017 मध्ये वजन 76 पर्यंत उतरलं, जून 2023 मध्ये पुन्हा 101. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा) 40.5. दुसरी तक्रार रात्रीची: आडवं झालं की घशाशी आंबट येतं, तीन उशा लावून अर्धवट बसून झोप. (हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका रुग्णात गुंफल्या आहेत.)

"मी दुपारी अर्धीच भाकरी खाते, तरी वजन वाढतंय," हे तिचं पहिलं वाक्य. घरच्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पण ती खरंच अर्धीच भाकरी खात होती, आणि सगळी मेख तिथेच होती.

आधी काय बिघडलं होतं

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, साधारण 100 ते 150 मिलीची. नळीच्या खालच्या टोकाला जठराचं दार तसंच शाबूत असतं. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि ॲसिडला वर यायला वाट मिळते. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज दिसली (चार पायऱ्यांतली दुसरी, ग्रेड बी), लहानसा हायटस हर्निया होता, म्हणजे जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीकडे सरकलेला. बायॉप्सीत बॅरेट्स, म्हणजे ॲसिडमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल, नव्हता. बेरियमच्या तपासणीत नळी थोडी फुगलेली, पण कुठे पीळ किंवा अडथळा नाही. रक्तात हिमोग्लोबिन 10.2, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) 9, डी जीवनसत्त्व 14, बी12ही कमी; सगळंच कमी. म्हणजे वजन जास्त आणि अंगात कस कमी, दोन्ही एकाच वेळी. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे, की आधी लोह शिरेतून भरून काढायचं आणि मगच तारीख द्यायची, हेच बरं.

मग चौदा दिवसांची जेवणाची वही लिहायला दिली. अट एकच: तोंडात गेलेलं सगळं लिहायचं, ताटात वाढलेलं नव्हे. वही भरून आली तेव्हा चित्र असं होतं. सकाळपासून साखरेचा पाच वेळा चहा, दोनदा त्यात बुडवलेला टोस्ट. दुपारी अर्धी भाकरी, आमटीत कुस्करून. संध्याकाळी सहाला भडंग, सांगलीच्या घरात डबा कधी रिकामा नसतोच. जाता-येता मूठभर बेदाणे, कारण माहेर तासगावचं. आणि डब्यांचं मीठ-तिखट बघताना चमचा-चमचा आमटी, भाजी, भात. दिवसाची प्रथिनं मोजली तर 38 ग्रॅम. निदान 60 तरी हवी होती.

घट्ट, चावून खाल्लेलं अन्न लहान जठरात काही वेळ थांबतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. कुस्करलेलं, बुडवलेलं, तोंडातच विरघळणारं अन्न थांबत नाही, सरळ खाली उतरतं. पोट लहान केलं की पहिली अडते ती पोळी. भडंग कधीच अडत नाही. चुरमुऱ्यांचं तोंडात पीठ होतं, तेल आणि शेंगदाणे तेवढे मागे राहतात. चाळीस ग्रॅमच्या वाटीत जवळपास 180 कॅलरी, आणि अर्ध्या तासात पुन्हा जागा रिकामी.

तिच्या फ्रिजच्या दारावर 2015 चा आहाराचा कागद अजून चिकटवलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कडांना हळदीची बोटं. त्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्याचं पान: मऊ खिचडी, कुस्करलेली भाकरी, चहात भिजवलेला टोस्ट, उपमा. पुढचं पान तिला कुणी दिलं नव्हतं, आणि तिनंही मागितलं नव्हतं. जखम भरेपर्यंत चालावं म्हणून सांगितलेलं जेवण आठ वर्षं चाललं.

शस्त्रक्रिया

ऑगस्ट 2023 च्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास. आधी दोन आठवडे कमी कॅलरींचा द्रव आहार, यकृत आकसावं म्हणून. स्लीव्हच्या वेळी घातलेल्या स्टेपलच्या टाक्यांच्या रेषेला यकृत चिकटलेलं होतं, ते सोडवण्यातच बराच वेळ गेला. नळीच्या वरच्या भागातून साधारण 30 मिलीची पिशवी केली, तिला लहान आतडं जोडलं, हर्निया दुरुस्त केला, आतडं अडकू नये म्हणून त्यामागच्या दोन्ही फटी शिवल्या. चौथ्या दिवशी घरी.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी लागते, नाहीतर पुढे भांडणं होतात. स्लीव्हचा बायपास केल्यावर ॲसिडचा त्रास बहुतेकांचा चांगला कमी होतो. वजन मात्र पहिल्या वेळेइतकं उतरत नाही, आणि गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. तिच्या मनात 60 किलो होतं. वर्षभरात 80 ते 85 च्या दरम्यान आलात तर शस्त्रक्रियेनं आपलं काम केलं, असं तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं होतं.

पहिले सहा आठवडे

पहिले दोन दिवस पाणी, पातळ ताकाची निवळी, गाळलेलं सूप, तेही 30 मिलीच्या औषधाच्या कपानं, दर पंधरा मिनिटांनी एक. पंधराव्या दिवसापर्यंत सगळं द्रव: सायीशिवायचं दूध, ताक, पाण्यात मिसळलेली व्हे प्रथिनाची पूड. दिवसाचं पाणी दीड लिटरवर नेणं हेच या काळातलं खरं काम. लघवी गडद झाली की कमी पडतंय असं धरायचं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलेलं. बाजारातल्या पाकिटांची गरज इथे पडत नाही, आपल्याकडचं हुलग्याचं माडगं याच कामाचं आहे. 25 ग्रॅम हुलग्याच्या पिठात पाच ग्रॅमच्या पुढे प्रथिनं असतात. गूळ न घालता, जिरं-मीठ-ताकातलं, गुठळी राहू नये म्हणून गाळून. तसंच उडदाचं घुटं: डाळ पूर्ण शिजवून घोटलेली, मिरचीऐवजी आलं आणि थोडा लसूण. कांदा-लसूण मसाल्याची चटक आहे त्यांना हे फिकं लागतं, पण तिखट सहाव्या आठवड्याआधी नको. मऊ अंडं, चक्का, पनीर कुस्करून.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ: उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, मुगाचं धिरडं, आमटीत भिजवलेली भाकरी, चतकोरापेक्षा कमी. ही परवानगी देतानाच वहीत तिची शेवटची तारीखही लिहिली: दसरा. त्यानंतर भाकरी कुस्करायची नाही.

गणपतीतली उलटी

सहाव्या आठवड्यात मऊ अंडं अडायला लागलं. दोन दिवसांनी घुटं, मग ताकसुद्धा. 19 सप्टेंबरला गणपती बसले, घरात मोदक झाले, आणि उलट्यांचा दोष मोदकाला गेला. "चव बघितली असेल, बाधलं." सासूबाईंनी लिंबू-सरबत दिलं, तेही पडलं. तोंडात पांढरा फेस, छातीच्या मधोमध दाब, गिळलेलं पंधरा-वीस मिनिटांनी तसंच बाहेर. पित्त नाही, कडू नाही.

हा बाधा झाल्याचा प्रकार नव्हे. आधी घट्ट, मग मऊ, मग द्रव, या क्रमानं अडत जाणं आणि तेही चौथ्या ते आठव्या आठवड्यात, याचा अर्थ पिशवी आणि आतड्याचा जोड आकसतोय. जास्त खाल्ल्याची किंवा घाईनं गिळल्याची उलटी वेगळी: ती त्या एका घासापुरती असते. तसा घास अडला तर लगेच थांबायचं, वरून पाणी प्यायचं नाही, उभं राहून चार पावलं चालायचं, घास उतरेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पाण्यानं घास ढकलायला गेलं की बाटलीच्या बुचावर पाणी ओतल्यासारखं होतं. आणि चोवीस तास द्रवही टिकत नसेल तर घरी बसायचं नाही.

तीन दिवसांनी अंगात त्राण उरला नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायला नेलं. या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण हा, आणि बाहेरून तो अगदी साधा दिसतो. बी1, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं साठतं. दहा-बारा दिवस उलट्या चालल्या की साठा संपत येतो. अशा वेळी नुसतं डेक्स्ट्रोजचं सलाईन चढवलं, तर साखर जाळायला उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची बुबुळं नाचणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग डेक्स्ट्रोज. तोवर नॉर्मल सलाईन. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये हे लिहिलेलं होतं, त्यानं ते डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी लगेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपीतून फुग्यानं जोड रुंद केला. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर अडलं नाही.

ताटाशेजारचा तांब्या

दसऱ्यानंतर खरं शिक्षण सुरू झालं, कारण पहिल्या वेळी ते झालंच नव्हतं.

आपल्याकडे ताट मांडलं की आधी तांब्या-भांडं येतं. तेच काढून टाकायचं होतं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पाणी प्यायलं की पिशवीतलं अन्न पातळ होऊन खाली जातं, आणि घट्ट जेवणही कुस्करल्यासारखं वागतं. ताकाचा पेला आणि ताटातली पातळ आमटी हीसुद्धा पाणीच. आमटी चालेल, पण घट्ट, वाटीत आणि चमच्यानं. भुरके मारून नाही. पहिले दोन आठवडे ती नळाखाली चूळ भरून ताटावर परत यायची. तहान तोंडाची होती, पोटाची नव्हती.

ताट सहा इंचांचं, नाश्त्याची बशी असते तेवढं. घास शेंगदाण्याएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, वीस ते तीस मिनिटं. क्रम ठरलेला: आधी अंडं, मासा, चिकन, पनीर किंवा उसळ, मग भाजी, भाकरी शेवटी, आणि ती कोरडी, चावून. बऱ्याचदा भाकरीपर्यंत पोचायच्या आतच पोट भरतं, आणि तसंच व्हायला हवं. कोरडी भाकरी अडते ही तक्रार तिनं नोव्हेंबरपर्यंत केली. अडते म्हणून कुस्करायची नाही, अडते म्हणून लहान घास घ्यायचा.

चौथ्या महिन्यातला दिवस असा बसला. सकाळी साडेसातला व्हेच्या डब्यातल्या मापाचा एक मोठा चमचा 200 मिली दुधात, 30 ग्रॅम प्रथिनं. साडेदहाला एक अख्खं अंडं आणि एक पांढरं, साडेनऊ. एकला 50 ग्रॅम चिकन किंवा तेवढंच पनीर, दोन चमचे भाजी, पाव भाकरी, मिळून बारा-पंधरा. साडेचारला चक्का 80 ग्रॅम, सहा-सात. आठला घट्ट घुटं आणि अर्धी वाटी मटकीची उसळ, नऊ-दहा. बेरीज सत्तरच्या आसपास. मंगळवार आणि संकष्टीला मांसाहार नाही, तेव्हा पनीर आणि सोयाचे गोळे. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी तिला सोडायची नव्हती. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट (स्टार्च), चिकटही. तोडगा असा निघाला: चंद्रोदयापर्यंत निरंकार राहणं पहिलं वर्षभर बंद, दिवसभर दही-दूध-पनीर, आणि रात्री खिचडीचे तीन चमचे, कूट भरपूर घालून.

गुळाची पोळी आणि पुरणाची पोळी

बायपासमध्ये जठराचं दार वाटेतून बाजूला पडतं. त्यामुळे गोड पदार्थ न थांबता आतड्यात उतरतो, आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि दहा-पंधरा मिनिटांत धडधड, घाम, पोटात गुरगुर, जुलाब. संक्रांतीला अर्धी गुळाची पोळी, वर दूध, आणि ती हळदी-कुंकवातून उठून आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. त्याचा एक फायदा झाला: पुढे कुणी आग्रह केला नाही.

होळीला दुसराच प्रकार. पुरणपोळीनंतर काही झालं नाही, म्हणून सगळे निश्चिंत. दोन तासांनी हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोमीटरवर 52. साखर झपाट्यानं चढल्यावर इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, त्याचा हा उतार. तिनं मूठभर बेदाणे खाल्ले, बरं वाटलं, आणि तासाभरात पुन्हा तेच. बेदाण्यानं तेच चक्र पुन्हा फिरलं. रीडिंग 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि सावरलं की लगेच प्रथिन: पनीरचा तुकडा, अंडं, फुटाणे. असं वारंवार झालं तर डॉक्टरांकडे. उपाशीपोटी गोड कधीच नाही. खायचंच तर जेवणाच्या शेवटी, दोन घास. उसाचा रस मात्र कायमचा बंद, त्यात चावायलाच काही नाही.

गोळ्या, मशेरी आणि गुडघे

बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम शोषून घेणारा आतड्याचा पहिला भागच वगळला जातो. म्हणून गोळ्या आयुष्यभर. सकाळी सातला लोह, 45 ते 60 मिलिग्रॅम, लिंबूपाण्याबरोबर. पुढचे दोन तास चहा नाही. कॅल्शियम सायट्रेट 500 मिलिग्रॅम तीनदा, लोहापासून दोन तास लांब. कार्बोनेट नको, त्याला विरघळायला ॲसिड लागतं आणि ते इथे कमी. मल्टिव्हिटॅमिन दुपारी, डी जीवनसत्त्व पातळी बघून, बी12 चं 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दरमहा. पित्ताशय जागेवर होतं, म्हणून खडे होऊ नयेत यासाठी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. तिसऱ्या महिन्यात केस गळाले, सातव्या महिन्यात थांबले. त्यासाठी वेगळी गोळी घेऊन उपयोग नसतो. प्रथिनं आणि फेरिटिन जागेवर आलं की नवे केस येतात.

मशेरीबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. "तंबाखू खाता का?" याला उत्तर "नाही". "सकाळी दात कशानं घासता?" असं विचारल्यावर डबी निघाली. निकोटिनमुळे जोडाचा रक्तपुरवठा घटतो आणि तिथे व्रण होऊ शकतो. प्रश्न नेहमी दुसऱ्या पद्धतीनं विचारावा. तेच गुडघेदुखीच्या गोळ्यांचं: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक, मेडिकलमधून मागून आणलेली कुठलीही "पिवळी गोळी" या पिशवीला चालत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल.

दहाव्या महिन्यात काटा थांबला

तीन महिन्यांनी 91, सहाला 85, नवव्या महिन्यात 83. मग जूनमध्ये 84. ताट बरोबर, पाणी बरोबर, भाकरी कोरडी. वही पुन्हा काढली आणि काही सापडेना, तेव्हा एक प्रयोग केला: चव बघायला जेवढं तोंडात जाईल, तेवढंच त्याच वेळी एका स्टीलच्या वाटीत काढायचं. सकाळी साडेदहाला शेवटचा डबा गेला तेव्हा वाटी भरून वर शीग आली होती. आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात, थोडा शिरा. सगळं मऊ, सगळं न थांबणारं, आणि तिच्या मते "काहीच खाल्लं नाही".

उपाय चमच्याचा. मिठाच्या बरणीतला छोटा लाकडी चमचा चवीसाठी, प्रत्येक भांड्याला एकदाच, आणि चव बघून थुंकायचं. शेवटचं तिला आधी किळसवाणं वाटलं. मीठ मापानं घालायला लागल्यावर चव बघायची गरजच निम्म्यावर आली. भडंगाचा डबा घरातून गेला नाही, मुलाला लागतो. तो वरच्या फळीवर गेला आणि सहाची वेळ फुटाण्यांची झाली. ऑगस्ट 2024 मध्ये वजन 82, हिमोग्लोबिन 12.1, ॲसिडची गोळी बंद, उशी एक. फेरिटिन अजून 22, पाळी चालू आहे तोवर ते तीन महिन्यांनी बघावं लागणार.

फ्रिजवरचा जुना कागद काढला. त्याजागी चिठ्ठी आहे, तशीच एक पर्समध्ये, सांगलीबाहेर पडताना कुणाच्याही हाती देता येईल अशी: "2015 स्लीव्ह, 2023 गॅस्ट्रिक बायपास. उलट्या असतील तर आधी थायमिन, मग डेक्स्ट्रोज. नाकातून नळी अंदाजानं घालू नये. वेदनाशामक फक्त पॅरासिटामॉल. जेवणानंतर पोटात कळा येऊन थांबत नसतील तर आतडं अडकल्याची शंका घ्यावी, सीटी स्कॅन करावं, सकाळपर्यंत थांबू नये."